काट्यावरची ज्वारी

चि. ताईस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन झाल्यावर आईनं काही पोटात ठेवलं नाही. ठेवते म्हणून तुला शब्द दिला असेल, पण रात्री भाकरी थापता थापता तिनं सगळं सांगितलं. पीक विम्याच्या कापणी प्रयोगाला गेलीस तर लोकांनी तुला शेतात कसं घेरलं, दोरीनं आखलेल्या चौकोनातली कणसं काट्यावर चढवू देईनात, दिवस मावळेपर्यंत बांधावर वाद चालला आणि मग तू एकटी गाडीवरून खोलीवर आलीस. मला मात्र तू ‘प्रयोग झाला, अण्णा’ एवढंच बोललीस. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ‘हो, हो’ करून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलोय. रागावलेलो नाही. तुझ्या नोकरीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. पिकापाण्याचंच लिहितो.

आपली निम्मी ज्वारी उपटून झाली. सप्टेंबरात पावसानं मुक्काम ठोकला, सीनाकाठच्या पाव्हण्यांची तर घरं पाण्यात गेली, आणि आपल्या काळ्या रानाला वाफसाच येईना. हस्त सरत आला तरी पाय घोट्याएवढा रुतत होता. पेरणी मागं सरकली, तशी सुगीही सरकली. शिवरात्रीला दाणा अजून ओला होता. आता शिमगा तोंडावर आलाय आणि सगळ्या शिवाराला एकदमच माणूस पाहिजे. कर्नाटकातल्या इंडीकडची एक टोळी उक्ती धरलीय. माणसं चांगली आहेत, पहाटे चांदण्यात रानात उतरतात आणि ऊन तापायच्या आत बाहेर. आपल्या गावातलं तरुण पोर आता ज्वारी उपटायला वाकत नाही, मीही कुणाला म्हणत नाही. माझ्याच कमरेला विचार.

तुझं ते वाण, फुले वसुधा, जिंकलं बघ. दोन एकरांत एकरी ८ क्विंटलच्या घरात जाईल असं दिसतंय. बाकीच्या रानातली मालदांडी ६ च्या पुढं सरकत नाही. जानेवारीत आभाळ आलं, चिकटा पडला, पानं तेलकट झाली, ते सगळं मालदांडीनंच जास्त सोसलं. आता तू म्हणशील, ‘मी सांगत नव्हते?’ सांगत होतीस. पण भाकरी मालदांडीचीच. आईनं दोन्हींच्या करून पाहिल्या आणि निकाल दिला, आता तिच्याशी तू भांड. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून निघालेलं हे मालदांडीचं वाण आमच्या आज्यापासून या रानात आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला ते भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तूच पेपरातलं कात्रण कणगीवर चिकटवलं होतंस. अजून आहे. उंदरानं एक कोपरा खाल्लाय.

माळाच्या पट्टीत मात्र खडखड्या आला. वर कणीस बरं दिसतंय आणि धाट हातात घेतलं तर पोकळ, जरा वारं सुटलं की लोळलं. फुलोऱ्यानंतर हलक्या रानातली ओल तुटली की तो बुरशीचा रोग जोर धरतो, हे तूच मला शिकवलंस. तुझ्याकडं बालाघाटाच्या कडेची सगळी अशीच मुरमाड रानं. त्यामुळं तिकडं काय झालं असेल ते मला इथं बसून दिसतं. माणसं चिडतात ती उगाच नाही चिडत. समोर ज्वारी उभी दिसते आणि दाणा भरलेला नसतो. पावसाळ्यात एवढं पाणी, आणि दाणा भरायच्या वेळेला ओल नाही. कुणावर राग काढायचा? दोरी आणि काटा घेऊन जी पोरगी समोर येते तिच्यावर.

बघ, आलंच. पिकाचंच लिहायचं होतं.

इथल्या पारावर रोज संध्याकाळी बैठक असते, कुणाला किती झाली याची. खरं कुणीच सांगत नाही. ज्याला जास्त झाली तो दृष्ट लागेल म्हणून कमी सांगतो. ज्याला कमी झाली तो अब्रूपायी जास्त सांगतो. आणि विम्याचा विषय निघाला की सगळेच कंगाल. पूर्वी याची गंमत वाटायची. आता त्यात तुझं नाव निघतं. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा गेला, रब्बीला दीड टक्का हप्ता खिशातून गेला, आणि गारपीट झाली की ७२ तासांत कळवून वेगळी भरपाई मिळायची तीही गेली. राहिला तो फक्त कापणी प्रयोगाचा आकडा. म्हणजे आख्ख्या महसूल मंडळाचा हिशेब तुमच्यासारख्या पोरापोरींच्या काट्यावर आणून ठेवलाय. वर तुमच्या पदाचं नाव बदलून सहायक कृषी अधिकारी केलं. त्यानं गाडीला दिवा लागला नाही की सोबतीला शिपाई आला नाही.

परवा पारावर एकानं मला सरळ विचारलं. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, आणि त्याच मंगळवेढ्याकडची तुझी पोरगी गरिबासाठी दोन किलो कमी लिहीत नाही? सगळे हसले. मी म्हणालो, पंतांनी धान्य वाटलं, कोठारात किती होतं ते खोटं लिहिलं नाही. आणि पैसे भरायला दरवेळी विठोबा येत नसतो. मग कुणी हसलं नाही. उत्तर बरं सुचलं असं वाटत वाटत घरी आलो आणि रात्रभर झोप नाही. कारण ते जे मला म्हणाले, तेच तुला तिकडं अनोळखी माणसं म्हणत असणार, आणि तिथं पारावर तुझं कुणी नाही.

आपल्या गावातला प्रयोगही झाला, हे तुला कुणी सांगितलं नसेल. गट नंबर निघाला तो बापूचा. वऱ्हाडातला एक पोरगा आहे आता आपल्या सज्जाला, तुझ्याच वयाचा, पहिलीच सुगी. सरपंच, पोलीस पाटील, विमा कंपनीचा माणूस, सगळे आले. पोरानं नैऋत्येचा कोपरा धरला, कागदावरच्या आकड्याप्रमाणं अंतर मोजलं, आणि चौकोन पडला तो बरोबर दाट ज्वारीत. झालं. ‘साहेब, जरा पलीकडं घ्या, तिथं खडखड्यानं लोळलंय, तेच खरं पीक आहे.’ बापूनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते तुला कळेल, लहानपणी तू त्याच्या खांद्यावर बसून माळ्यावर गोफण मारायला जायचीस. मी काही बोललो नाही. दोरीचं एक टोक कुणी धरत नव्हतं, ते धरून उभा राहिलो. कणसं मोडली, बडवली, उफणली, वजन झालं, मोबाइलवर फोटो गेले. वाळल्यावर पुन्हा वजन होईल म्हणाला. बापू त्या दिवसापासून चहाला आलेला नाही. काकू दूध पाठवते, तेवढं चालू आहे.

मी फार मोठं काही केलं असं नाही, नुसतं तोंड बंद ठेवलं. पण तो पोरगा निघाला तेव्हा लख्ख ऊन होतं, तरी मी माझी गाडी काढून वेशीच्या पुढं डांबरीपर्यंत त्याच्या मागं गेलो. तो म्हणाला, काका, कशाला? मी म्हणालो, माझं तिकडं काम आहे. काम काही नव्हतं. तुला सोडायला कोण येतं, ताई? तिथला पोलीस पाटील येतो का? की सही करून तोही घरी जातो?

एक गोष्ट लोकांना नीट समजावून सांगायची असते. रागानं नाही, खाली बसून. सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरून सरासरी काढतात, तिच्या ७० टक्क्यांवर उंबरठा ठरतो, आणि यंदाचं उत्पन्न त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. एखादं वाईट वर्ष वगळलं जातं, ठीक. पण दरसाल दाबून दाबून कमी लिहीत गेलं तर ते आकडे त्या सरासरीत जाऊन बसतात आणि उंबरठाच खाली येतो. मग खरोखरचा दुष्काळ पडेल तेव्हा हातात काय? बांधावर उभं राहून कायदा सांगितला की माणूस ऐकत नाही. त्याच्या बायकोनं दिलेला चहा प्यायचा, आधी त्याचा खडखड्या बघायचा, धाट स्वतःच्या हातानं फोडून बघायचं, ‘खरंय, नुकसान झालंय’ असं म्हणायचं, आणि मग दोरी काढायची. आणि मोबाइलमध्ये बघत बोलायचं नाही, तुला ती सवय आहे. आणि सकाळी लवकर जायचं, साडेसातला शेतात असलं पाहिजे, म्हणजे...

राहू दे. तू पदवी घेतलेली, परीक्षा देऊन लागलेली, आणि मी तुला बांधावर कसं बोलायचं ते शिकवतोय. मनाला लावून घेऊ नको. तिकडं येऊन उभं राहता येत नाही, म्हणून हात असा चालतो.

आबांची फार आठवण येते या दिवसांत. खळ्यावर रास मोजायला दहा गावांतून त्यांना बोलावणं यायचं. तू चार-पाच वर्षांची असशील, राशीच्या कडेला बसून त्यांच्याबरोबर मोजायचीस. पहिल्या मापाला ते ‘लाभ’ म्हणायचे आणि तू ओरडायचीस, ‘एक म्हणा की!’ एकदा कुणाच्या तरी खळ्यावर, मालक कानात काही बोलून गेल्यावर, त्यांनी एक माप मोजलं आणि मोठ्यानं पुढचा आकडा म्हणालेच नाहीत. तू तिथंच सगळ्यांपुढं म्हणालीस, ‘आबा, सात राहिला.’ मालकाचं तोंड उतरलं. आबा हसले, सात म्हणाले, आणि येताना तुला खांद्यावर घेऊन आले. मालकानं कानात काय सांगितलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण पुढं त्या खळ्यावरून आपल्याला बोलावणं आलं नाही, हे मला पक्कं आठवतं. आईला मी नेहमी म्हणतो, ही पोरगी काट्यावर बसायलाच जन्माला आलीय. ती म्हणते, त्यात कौतुक कसलं, लोक तुटतात. दोघांचंही बरोबर असेल.

म्हणून वजन कमी लिही असं मी कधी म्हणणार नाही. पारावर कुणी काही म्हणो, बापू बोलो न बोलो. आहे तेवढं लिही. पण त्यासाठी अंधार करू नको. लोक अडून बसले तर भांडत उभी राहू नको, काटा उचल, वरच्या साहेबाला फोन लाव आणि नीघ. प्रयोग दुसऱ्या दिवशी होतो, ‘लोकांनी होऊ दिला नाही’ असं लिहिताही येत असेल. घाटाच्या त्या रस्त्याला दिवे नाहीत, मी बघितलाय, तुला पोचवायला आलो तेव्हा. रात्रीची दुचाकी म्हणजे काय, हे आपल्या घराला नव्यानं सांगायला नको. दादाच्या वेळेला मी ‘येईल, येईल’ म्हणत ओट्यावर बसलो होतो. आता तुझा फोन साडेसहाला आला नाही की आई देवापुढं जाते आणि मी उगीच बुचाडाभोवती फेऱ्या मारतो, कडबा ओला झालाय का बघायचं निमित्त करून. या दिवसांत कडबा कशानं ओला व्हायचा?

असो. कडब्याला यंदा बरी मागणी आहे, व्यापारी शेकडा बोलायला घरी येऊन गेले. बैलं नाहीत तरी दोन म्हशींपुरता ठेवून बाकी देईन म्हणतो. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव कागदावर क्विंटलला ३७४९ आहे, पण आपला माल तिथवर जातोच कुठं, निम्मा घरात आणि पाव्हण्यांतच संपतो. त्यातलीच दोन पायल्या, चाळून, एसटीनं पाठवतोय. एक तुझ्या घरमालकीणबाईंना दे, मालदांडी आहे म्हणून सांग. तिकडच्या चक्कीवर गव्हावर दळू देऊ नको. चक्कीवाल्याला आधी विचार.

वसुधाचं पक्कं वजन मशीन झालं की कळवतो. तू तुझ्याकडच्या मुरमाड रानात फुले अनुराधा ज्वारी पेरलेली कुठं बघितलीस का? माळाच्या पट्टीत पुढच्या साली तीच करावी म्हणतो. खडखड्यात ती किती तगली ते स्वतः बघून सांग, कागदावरचं नको.

गाडीचा पुढचा दिवा मिणमिणतो म्हणाली होतीस, तो या रविवारी बदलून घे, पैसे मी देतो. आणि तो कोतवाल शेतापर्यंत सोबत असतो म्हणालीस, तर त्याचा नंबर आईला पाठव. मला पाठवू नको, मी रोज लावीन.

तुझे,
अण्णा