शनिवारच्या बैठकीबद्दल, काका, मनापासून आभार

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस की, कॉफी घे" म्हणून विषय बदलता. शिवाय टिळकवाडीतल्या तुमच्या कॉफीच्या दुकानात दर शनिवारी गाण्यावाजवण्याची बैठक कशी चालते, हे बेळगावकरांना कळायलाच पाहिजे.

तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी आम्हा तिघांना वाजवायला बोलावलं होतं. लोक येतील, नाव होईल, मानधनाचं नंतर बघू, असं ठरलं. नंतर कुणीच काही बघितलं नाही. खानापूरहून तबला-डग्गा सांभाळत बसने आलेल्या पोराला परतीचे पैसेही पदरचे घालावे लागले. नवख्या वादकाच्या वाट्याला हे इतक्या वेळा येतं की कुणाला त्यात वावगंही वाटेनासं झालंय.

तुम्ही मात्र पहिल्याच शनिवारी, मी पेटीचं झाकण उघडायच्या आत, पाकीट हातात ठेवलंत. "आधी घ्या की, मग निवांत वाजवा." त्या दिवशी गल्ल्यात किती जमलं याची झळ पाकिटाला तुम्ही कधीच लागू दिली नाहीत. बाहेर मुसळधार पाऊस आणि आत निम्मी टेबलं रिकामी, अशा दिवशीही पाकीट तेवढंच. पैशांची गरज होतीच, पण आमचं वाजवणं हे काम आहे असं आम्हाला त्या पाकिटामुळे पहिल्यांदा वाटलं.

आणि पावसाळ्याचं तर सांगायलाच हवं. बेळगावची पावसाळी हवा म्हणजे पेटीची वैरीण. ओल लाकडात शिरली की पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर येईना होते, आणि एखादा सूर नको तेव्हा वाजत राहतो. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते ती वेगळीच. तुम्ही एका शनिवारी हा त्रास बघितलात, काही बोलला नाहीत. पुढच्या वेळी आलो तर काउंटरमागचं कॉफी पावडरीचं कपाट निम्मं रिकामं, आत जुना पिवळा बल्ब लावलेला. "इथं पावडर ओली होत नाही, मग पेटी कशी होईल?" तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझी पेटी तुमच्याच कपाटात असते आणि उघडली की तिच्या भात्याला कॉफीचा वास येतो.

पेटीला माइक कुठे लावायचा हेही तुम्ही शिकून घेतलंत. भात्याजवळ ठेवला की हवेची फुसफुस सुरांच्याही वर ऐकू येते. आता तुमच्याकडचा पोरगा न सांगता माइक वरच्या बाजूने, भात्यापासून लांब लावतो. गाणं चालू असेतोवर मिल्कशेकचा मिक्सर बंद. धंद्याच्या ऐन वेळी गिऱ्हाईकाला "दोन मिनिटं थांबा, गाणं संपू दे" म्हणणारा मालक मी दुसरा बघितलेला नाही.

आपल्या गावाला संगीताचा तोटा नाही. पं. रामभाऊ विजापुरे यांनी इथेच कितीतरी पोरांची बोटं पेटीवर बसवली. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते इथून जवळच्या सुळेभावीत. मोठ्या कलावंताची मैफल असली की आजही सभागृह भरतं, आणि भरावंच. पण जे शिकून तयार झालंय आणि ज्याचं नाव अजून झालेलं नाही, त्या पोरानं वर्षभर वाजवायचं कुठे? सभागृहाचं भाडं परवडत नाही, गणपतीतले कार्यक्रम दहा दिवसांत आटोपतात. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या सगळ्या वर्षांत पेटी जगली ती मैफलीतल्या साथीवर, भजनावर आणि घरोघरच्या छोट्या बैठकींवर. म्हणून छोट्या जागेला मी कधीच कमी लेखणार नाही.

तुमची एकच अट होती: दर वेळी एक तरी चाल स्वतःची पाहिजे. सुरुवातीला जड गेलं. लोकांना ओळखीचं गाणं हवं असतं, नवी चाल लागली की माणसं मोबाइल काढतात, असा आमचा अनुभव. पण तुम्ही काउंटर सोडून पुढच्या खुर्चीवर येऊन बसायचात आणि तुम्हाला बघून बाकीचेही ऐकायचे. आज आमच्याकडे तासभर पुरतील एवढ्या स्वतःच्या चाली आहेत. तुकोबांच्या अभंगानंतर पुरंदरदासांचं कन्नड पद घेतलं की कोपऱ्यातले आजोबा "इन्नोंदु हाडरी" (आणखी एक गा) म्हणतात, आणि शेजारच्या मावशी लगेच पुढचा अभंग सांगतात. एक बाय टू, म्हणजे एकच कॉफी दोघांत, घेऊन दोन तास बसणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तुम्ही कधी उठवलं नाहीत. आमचे सगळ्यात पक्के श्रोते तेच आहेत.

वाचणाऱ्यांनाही थोडं सांगतो. शनिवारी या. जमलं तर आणखी एक कॉफी मागवा, कारण बैठक त्याच पैशांवर चालते. व्हिडिओ टाकलात तर वाजवणाऱ्याचं नाव विचारून लिहा. नावाशिवाय फिरलेल्या व्हिडिओतून त्याला पुढचं काम मिळत नाही. घरी वास्तुशांत, बारसं, साठी असेल तर गावातल्याच पोरांना बोलावा आणि आकडा आधी ठरवा. हे सगळं मी काकांकडे बघूनच शिकलोय.

काका, एक विनंती. येत्या शनिवारी माझ्या ओळखीची दोन मुलं येणार आहेत, एक बासरीवाला आणि एक गाणारी. दोघांनीही अजून बाहेर कुठे कार्यक्रम केलेला नाही. पहिला अर्धा तास त्यांना द्या, आम्ही मागून बसतो. त्यांच्यासाठी आमचं पाकीट निम्मं करू नका म्हणून सांगणार होतो, पण तुम्ही त्यांचं वेगळं काढून ठेवलं असणार.

तुमचा,
शनिवारचा पेटीवाला