आईची अर्धशिशी, माझी गोळी

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, "तुझ्या त्या गोळ्या मीही सुरू करू का?" असं तू विचारलंस आणि मी ऑफिसच्या गडबडीत "नको" म्हणून फोन ठेवला. तुला राग आला असणार, म्हणून नीट लिहिते.

गोळी मॅग्नेशियमची. माझी अर्धशिशी पाळीच्या आदल्या दोन दिवसांत हमखास उठते. (बाबा, पाळीचा विषय आला म्हणून पत्र आईकडे सरकवू नका.) तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) झपकन उतरतं आणि डोकं चाळवतं. डॉक्टरांनी रोज 400 मिलिग्रॅम दिलंय. उठलेलं डोकं त्याने थांबत नाही. ते उठूच नये म्हणून तीन महिने घेऊन बघायचं. 1996 सालच्या एका अभ्यासात 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे झटके सुमारे 42 टक्क्यांनी घटले, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचेही 16 टक्क्यांनी घटलेच! त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात तर काहीच फरक दिसला नाही. माझ्या कॅलेंडरवर महिन्याला पाच लाल फुल्या असायच्या, आता दोन-तीन असतात. पहिला आठवडा मात्र पोट ढिलं होतं. श्रेय गोळीचं की वेळेवर झोपण्याचं, देव जाणे.

तुझं वेगळं आहे, आई. थायरॉइडच्या गोळीच्या आसपास मॅग्नेशियम घेतलं तर ती नीट अंगी लागत नाही. मध्ये चार तास तरी हवेत. किडनी मंदावलेली असेल तर ते रक्तात साठतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासायला हवं.

पण खरी काळजी वेगळीच. तू खिडक्या लावून, कपाळाला पदर करकचून बांधून पडायचीस, आणि कुकरची शिट्टी नको म्हणून बाबा भात पातेल्यात लावायचे, ते मला आठवतं. पाळी गेल्यावर तुझं ते दुखणं थांबलं होतं ना? मग आता सत्तरीत कानशिलाजवळ जे ठणकतंय, त्याला तू जुनी अर्धशिशी कशी म्हणतेस? या वयात नव्याने उठलेलं डोकं डॉक्टरांनी तपासायलाच हवं. केस विंचरताना तिथे दुखतं, चावताना जबडा भरून येतो, असं काही होतं का? नजर जराही अंधुक झाली तर त्याच दिवशी जा.

बाबा, या आठवड्यात तिला घेऊन जाच. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, मिसळणाच्या डब्यामागे ती लपवते त्या डोकेदुखीच्या पाकिटासकट. संध्याकाळी फोन करते.

तुमची,
छोटी