उकळत्या झऱ्यातला जिवाणू आणि पीसीआर टेस्ट

संपादक महोदय, स.न.वि.वि.

'ह्या संशोधनाचा उपयोग काय' हा प्रश्न मूलभूत संशोधनाला कायम विचारला जातो, पैसे द्यायची वेळ आली की तर हमखास. 1960 च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक हे अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमधे जीव कसे जगतात एवढंच बघत होते, त्यातून 70 अंश सेल्सिअसलाही मजेत वाढणारा थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. टेस्ट वगैरे काही डोक्यात नव्हतं. पुढे 1983 मधे रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सुचलं, पण त्यात डीएनएचे दोन धागे सुटे करायला दर फेरीत साधारण 95 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत प्रती बनवणारं साधं एन्झाइम (प्रथिन) निकामी होतं, मग परत नवीन घाला, परत तापवा! ब्रॉक यांच्या जिवाणूचं एन्झाइम मात्र टिकतं, ते वापरल्यावर सगळं काम मशीनवर सोडता आलं. कोविडची आरटी-पीसीआर काय, गुन्ह्याच्या तपासातली डीएनए चाचणी काय, ह्याच तंत्रावर चालतात. (एमआरआयचं मूळही अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाच्या अभ्यासातच आहे.) फंड देणाऱ्यांनी 'आधी फायदा दाखवा' ही अट निदान काही प्रकल्पांना तरी लावू नये, ही मनापासून विनंती.

- एक वाचक