ताईस पत्र

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

लहानपणी तू दिलेल्या मायेचा माझ्या आजच्या तब्येतीशी संबंध आहे, हा विषय फोनवर काढला की तू ‘बरं, ते राहू दे’ म्हणून टाळतेस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

परवा नव्या डॉक्टरांकडे तपासणीला गेलो होतो. रक्तदाब बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘लहानपणी मनातलं सांगावं असं घरात कोणी होतं का?’ मी म्हणालो, मोठी बहीण. आई-बाबा रात्री कामावरून येईपर्यंत मला तूच होतीस. गणितात नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तक हातात घेऊन तू आधी विचारलंस, ‘घाबरलास का रे?’ मग रागावलीस. तो क्रम मी विसरलेलो नाही.

अमेरिकेत १९९५ ते १९९७ मध्ये १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं. मारहाण, हेळसांड, घरातली व्यसनं ज्यांच्या वाट्याला जास्त आली, त्यांच्यात हृदयविकार आणि नैराश्यही जास्त आढळलं. मूल सतत धास्तीत राहिलं की शरीर सैल पडतच नाही, कॉर्टिसॉलसारख्या, ताण आला की शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांचं तंत्र बिघडतं. जवळ एक भरवशाचं माणूस असेल तर तो ताण वेळेवर उतरतो.

परदेशात याचा कस लागतो. स्थलांतरित सुरुवातीला स्थानिकांपेक्षा बरेचदा निरोगी असतात, कारण धडधाकट माणसंच बहुधा एवढ्या लांब निघतात. पण वर्षं जातात तशी ती तब्येत उतरू लागते. व्हिसाची टांगती तलवार, रात्रपाळ्या, एकटेपणा. माझा एक सहकारी, तोही बाहेरूनच आलेला, प्रत्येक दुखणं अंगावर काढतो. ‘सांगायची सवयच नाही,’ म्हणतो. लहानपणी त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं. मला जड गेलं की मी बोलतो, मदत मागतो, डॉक्टरकडे जातो. हे तू लावलेलं वळण आहे, ताई, आणि त्याचं श्रेय तू घ्यायलाच हवंस. त्यालाही मी आता बोलतं करतोय. उशीर झालाय असं मला मुळीच वाटत नाही.

अर्थात मायेने मधुमेह टळतोच असं नाही. आपल्या लोकांना तर वजन फार नसतानाही तो होतो. म्हणून एक काम सांगतो. आजोबांना हृदयविकाराचा झटका कितव्या वर्षी आला, बाबांचा मधुमेह कधी निघाला, हे आईला विचारून कळव, डॉक्टरांना हवंय. आणि तुझी स्वतःची साखर उपाशीपोटी तपासून घे. रिपोर्टचा फोटो पाठव, नुसतं ‘ठीक आहे’ चालणार नाही.

तुझा,
धाकटा