‘ताजे मासे स्थानिक बाजारातून आणले’

प्रिय मावशी,

तू बोलतेस कोंकणीत आणि वाचतेस मराठीत. गिऱ्हाईक हललं की मांडीखालचा पेपर काढून वाचायला लागायचीस, हे मी पणजीच्या मासळी बाजारात तीसेक वर्षं पाहिलं. म्हणून हे पत्र मराठीत. आणि चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुझं नाव मी गाळलं तेही चारचौघांसमोरच.

माझ्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात एक वाक्य आहे : ‘ताजे मासे स्थानिक बाजारातून आणले.’ कुठलं मीठ कुठल्या कंपनीचं, सेंट्रिफ्यूज मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरवलं, सगळं सविस्तर आहे. तू मात्र नुसतीच ‘स्थानिक बाजार’.

तुला एकदा विचारायचं होतं म्हणालीस, पण विचारलं नाहीस, की ही बाय रोज सहा बांगडे नेते आणि घरी हुमण तर कधी करत नाही. आता सांगते. मुंबईत मी स्नायूतली प्रथिनं वेगळी करायला शिकले ती सशावर. पुस्तकंही सशाचीच. गोव्यात परत आले तर ससे ठेवायला जागा नाही, पैसे नाहीत. मग म्हटलं, समुद्र तर आहे.

काम ऐकायला सोपं. मासा बर्फावर कापायचा, मांस बारीक करून थंड खोलीत दाट मिठाच्या पाण्यात ठेवायचं, की त्यातून मायोसिन नावाचं प्रथिन पाण्यात उतरतं. तू खिम्यात मीठ घालून मळतेस तेव्हा हाताला जो चिकटपणा येतो, तो मुख्यतः त्याचाच. मग त्यात दहापट थंड पाणी ओतलं की मीठ विरळ होतं आणि मायोसिन पांढऱ्या, रेशमी ढगासारखं खाली बसतं. इतक्या वर्षांत तो ढग बघायचा मला कंटाळा आला नाही. पुढे ते एटीपी किती जलद फोडतं ते मोजायचं. एटीपी म्हणजे स्नायूचा रोजचा खर्चाचा पैसा. तो फुटला की फॉस्फेट सुटतं, आणि फॉस्फेट मोजायला मोलिब्डेट नावाचं रसायन घालून निळा रंग आणायचा. ही रीत 1925 सालची, फिस्क आणि आपल्या आंध्रातल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. निळा जितका गडद, तितकं मायोसिन तरतरीत.

माझा निळा मात्र रोज वेगळा. सोमवारी कपड्याच्या नीळीसारखा, मंगळवारी पाणी घातलेल्या दुधासारखा. आठ महिने गेले. मी पाण्यावर संशय घेतला, मिठावर, वीज जाण्यावर, शेवटी हाताखालच्या मुलावरही. (त्याची माफी वेगळी मागून झाली आहे.)

त्या दिवशी मी उशिरा पोचले. तू नदीपलीकडच्या बेतीहून फेरीबोटीने आणलेली पाटी निम्मी संपली होती. मी वरचे सहा उचलले, तर तू माझ्या हातातून काढून घेतलेस. ‘बाय, हें व्हरूं नाका. जाळ्यांत झगडून मेलां तें.’ मी हसले. मासा मेला की मेला, कसा मेला त्याने काय होतं? तू अंगठ्याने एकाची पाठ दाबलीस. लाकडासारखी ताठ. दुसरा, गळाचा, उचलून आडवा धरलास, तर तो ओल्या फडक्यासारखा लोंबला. दोन्ही पहाटेचेच. वर म्हणालीस, झगडलेला मासा आधी ताठतो आणि आधी सुटतो, म्हणून हॉटेलवाले गळाच्या माशाला जास्त पैसे मोजतात.

हे मला तुझ्याआधी माहीत असायला हवं होतं. 1954 साली शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी, ह्यू हक्सली-जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्सली-रॉल्फ नीडरगेर्के यांनी, एकाच वेळी दाखवून दिलं होतं की स्नायू आखडतो तेव्हा आतले धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मायोसिनची डोकी शेजारच्या, ॲक्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात. आणि गंमत म्हणजे एटीपी लागतं ते सोडायला. पैसा संपला की हात धरलेलाच राहतो, सगळे हात एकदम, आणि मासा ताठ होतो. जाळ्यात तासभर तडफडलेल्या माशाने आपला साठा तिथेच उधळलेला असतो. शिवाय अंगात आम्ल वाढलेलं, वर गोव्याचं ऊन. अशा आम्लात आणि उष्म्यात मायोसिन बिघडतं. माझा फिका निळा तिथून येत होता. वाचलेलं सगळं होतं, पण ते पाटीतल्या माशाला लावून बघायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझे सहा बांगडे तू वेगळे ठेवलेस. गळाचे, वर आल्याबरोबर मारलेले, बर्फाखाली, आणि खुणेला केळीच्या पानाचा तुकडा. पावसात समुद्र बंद झाला की नदीतले शेवटे नावाचे मासे. महिन्याभरात निळा ताळ्यावर आला.

शिनाण्यांचंही, म्हणजे त्या शिंपल्यांचंही, तूच काढलंस. सुरी घालून उघडताना करवादलीस, ‘ह्याका थकवा येना काय?’ प्रश्न फार मोठा होता, मावशी. शिंपला मिटून धरणारा स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो आणि त्याला खर्च नाममात्र येतो. त्याच्या जाड धाग्यांत पॅरामायोसिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, आणि एकदा धरलं की कुलूप लावल्यासारखा तो बसतो. ते कुलूप सेरोटोनिन नावाच्या रसायनाने उघडतं. बेटी ट्वॅरॉग या बाईंनी हेही 1954 सालीच शिनाण्याच्या भाईबंदावर दाखवलं. मी माझी शेवटची आठ वर्षं त्या स्नायूवर घालवली. कामाच्या दृष्टीने तीच सगळ्यात सुखाची.

बिलाची गोष्ट तुला सांगितली नव्हती. मी होते त्या संस्थेतल्या हिशेबाच्या टेबलावरून माशांच्या खर्चाचा कागद परत यायचा : पावती जोडा. तू पाटीवर पावतीपुस्तक ठेवावंस अशी त्यांची अपेक्षा असावी. शेवटी मी कोऱ्या कागदावर ‘बांगडे सहा, पैसे पावले’ लिहून तुझी सही घेतली. तू सही करण्याआधी दोनदा वाचलंस आणि म्हणालीस, ‘गळाचे’ लिहा. मी लिहिलं. ‘गळाचे म्हणजे काय?’ असा शेरा मारून तो कागदही परत आला. तो अजून माझ्या फायलीत आहे. खरं तर निबंधात छापायला हवं होतं ते हेच वाक्य.

आता मी निवृत्त झाले आणि तुझ्या गुडघ्यांनी तुला घरी बसवलं. बाजारात तुझी सून बसते. तिने मला ओळखलं नाही. मी पाठ दाबून मासा निवडायला लागले तेव्हा मात्र तिने वर बघितलं आणि विचारलं, ‘तुमकां कोणें शिकयलें?’

तुझे आभार. आणि शेवटच्या सहा बांगड्यांचे पैसे राहिलेत. मी शंभराची नोट काढली तर तू ‘फाल्यां दी’, उद्या दे, म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून तू यायचीच बंद झालीस. येत्या रविवारी दुपारच्या फेरीने बेतीला येते. सुटे घेऊन.

तुझी,
रोज सहा नेणारी बाय