देणगी द्यायचीय ना, मग शेजारच्या कॉलेजचंही नाव घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची, गेली वीस-एकवीस वर्षं न्यू जर्सीत राहते आणि तुमचा पेपर रोज सकाळी मोबाइलवर वाचते. मागच्या काही महिन्यांत तुमच्याकडे परदेशातल्या आपल्या माणसांनी आपल्या जुन्या इन्स्टिट्यूटला नाहीतर इथल्या मोठ्या युनिव्हर्सिटीला कोट्यवधींची देणगी दिल्याच्या बातम्या बऱ्याचदा आल्या. वाचून अभिमान वाटतोच, खोटं कशाला बोलू. पण दर वेळी मनात येतं की इथं आल्यावर माझ्यासारख्या कितीतरी जणींनी जिथे पुन्हा वही उघडली त्या कम्युनिटी कॉलेजला द्यावं असं कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. त्यासाठी हे पत्र, थोडं लांबलंय, समजून घ्या.

तिकडच्या वाचकांसाठी आधी सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या भागातलं, बहुतेक वेळा काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं म्हणा, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. बारावी झालेल्या कुणालाही घेतात, कटऑफ नाही, वयाची अट नाही, माझ्या वर्गात अठरा वर्षांची पोरं होती आणि साठीच्या आजीही होत्या. पहिलं कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात निघालं, सहा विद्यार्थ्यांवर, आणि आज अशी हजाराच्या वर कॉलेजं आहेत, देशातल्या दर दहा अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्यांपैकी जवळपास चार जण तिथे शिकतात. दोन वर्षं करून मोठ्या युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा नर्सिंग, डेंटल हायजीन, वेल्डिंग, अकाउंटिंग असलं काही शिकून सरळ नोकरीला लागता येतं. हॉस्पिटलात तुमचं रक्त काढणारी, एक्स-रे काढणारी, रात्रपाळीला सलाइन बदलणारी माणसं पुष्कळदा इथूनच शिकून आलेली असतात.

आता लोक मला विचारतात की फी तर कमीच असते, मग देणगी कशाला? फी कमी आहे हे खरंय, देशभराची सरासरी धरली तर वर्षाला साधारण चार हजार डॉलर, आणि गरीब घरच्या मुलांना सरकारची पेल ग्रँट मिळते, ती गेली दोन-तीन वर्षं जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. कागदावर हिशोब जुळतो. पण त्याच पैशात खोलीचं भाडं, पेट्रोल, पुस्तकं, लहान मूल असलं तर त्याचं डेकेअर, आणि न्यू जर्सीत गाडी नसली तर निम्म्या ठिकाणी पोचताच येत नाही, बस तासातून एक आणि रात्री नऊनंतर तीही नाही. बहुतेक मुलं नोकरी करून पार्टटाइम शिकतात आणि पार्टटाइम शिकणाऱ्याला ग्रँटही त्या प्रमाणात कमी मिळते. शिवाय एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्या नवऱ्याच्या व्हिसासोबत मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या बायकांना पेल ग्रँट नाहीच. माझं तेच झालं.

२००९ साली मी अकाउंटिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला होते, तेव्हा एच-फोरवर काम करायची परवानगीच नव्हती, आणि त्याच वेळी सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी घरातले होते नव्हते ते पैसे भारतात पाठवलेले. फी कशीबशी भरली पण पुस्तकांचं काय करणार, नुसतं पुस्तक नाही, त्याच्यासोबत एक कोड विकत घ्यावा लागतो, तो टाकल्याशिवाय ऑनलाइन होमवर्क जमाच करता येत नाही, आणि होमवर्कला मार्क असतात. मी दोन आठवडे लायब्ररीतलं पुस्तक वापरून ढकलले. मग कॉलेजच्या फाउंडेशनकडे, म्हणजे कॉलेजसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेकडे, अर्ज केला आणि ४०० डॉलर मिळाले, व्हिसा कुठला हे कुणी विचारलं नाही. नियम एवढाच की देणाऱ्याला आभाराचं पत्र लिहायचं. मी लिहिलं, कुणाला जातंय ते ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की तो फंड त्याच कॉलेजात टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या एका बाईंनी नवऱ्याच्या नावाने ठेवलेला. टायपिस्टच्या पेन्शनीतून. ते मी अजून विसरलेले नाही.

आता मी दर गुरुवारी दुपारी कॉलेजच्या फूड पॅन्ट्रीत मदतीला जाते. हो, कॉलेजात पॅन्ट्री, अशा कितीतरी कॉलेजात आता असते, मुलं येतात आणि आठवड्याचं धान्य-डबे घेऊन जातात. सुरुवातीला मी सगळे डबे एकाच रांगेत लावायचे. एक मुलगा यायचा, एसी दुरुस्तीचा कोर्स करणारा, तो नेहमी ज्या डब्याला वर ओढायची कडी असते तेवढेच उचलायचा, राजमा असो की मका, कडीचा असेल तरच. मी एकदा सहज म्हटलं, अरे हे दुसरे चांगले आहेत, मोठे आहेत, घे की. तो म्हणाला, माझ्याकडे ओपनर नाही. मग मी ओपनर आणून देते म्हटलं तर खाली बघत म्हणाला की गाडीत राहतो सध्या, सांडलं तर वास जात नाही. त्या दिवसापासून कडीचे डबे मी वेगळ्या फळीवर, हाताला येतील असे लावते, आणि डबे देणाऱ्यांनाही सांगते की शक्यतो कडीचे आणा.

आपल्याकडे वार लावून जेवणारी मुलं असायची, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, आणि त्यातलीच पुढे मास्तर झाली, वकील झाली. पॅन्ट्री म्हणजे तेच आहे हो, फक्त इथे कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहायला लागत नाही.

पॅन्ट्रीत बसलं की कळतं मुलं कुठे अडकतात. मागच्या सेमिस्टरचे दीड-दोनशे डॉलर बाकी राहिले की खात्यावर होल्ड लागतो, होल्ड लागला की पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवता येत नाही, आणि एकदा सेमिस्टर सुटलं की परत येणारे फार थोडे. नर्सिंग पूर्ण केलेल्या मुलीला लायसन्सच्या परीक्षेची फी २०० डॉलर, वर राज्याच्या लायसन्सची फी वेगळी, बोटांचे ठसे वेगळे, म्हणजे दोन-तीन वर्षं राबून शेवटच्या पायरीवर मुलगी पैसे साठवत थांबलेली असते आणि तोवर दुकानात गल्ल्यावर उभी असते. कुणाच्या गाडीचा टायर फुटतो. हे सगळे पाचशे डॉलरच्या आतले प्रश्न आहेत, सरकारी ग्रँटमध्ये ते बसत नाहीत, आणि देणगीचा पैसा नेमका इथे कामाला येतो.

आणि ही फक्त माझी भावना नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एसॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला, मुलांनी फुलटाइम शिकायचं, बदल्यात उरलेली फी माफ, बस-सबवेचं मेट्रोकार्ड फुकट, पुस्तकांची मदत, आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तुलना केली तर तीन वर्षांत पदवी घेणारे साध्या गटात २२ टक्के आणि एसॅपमध्ये ४० टक्के. नंतर ओहायोतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी तेच करून बघितलं, तिथेही चांगला फरक पडला. मेट्रोकार्ड आणि पुस्तकं, बघा, यात काही मोठी जादू नाही.

मोठ्या देणग्याही येतात, नाही असं नाही. २०२० च्या डिसेंबरात मॅकेन्झी स्कॉट यांनी, म्हणजे अ‍ॅमेझॉनवाल्या जेफ बेझोस यांच्या पूर्वीच्या पत्नीने, मॅनहॅटनमधल्या बीएमसीसी या कम्युनिटी कॉलेजला ३ कोटी डॉलर दिले, आणि मला रकमेपेक्षा जास्त आवडलं ते हे की अट कुठलीच घातली नाही, कॉलेजला ठरवू द्या म्हणाल्या. मिशिगनमधल्या कॅलामझू शहरात २००५ साली काही लोकांनी नाव न सांगता असा फंड उभा केला की शहराच्या सरकारी शाळेतून पास होणाऱ्या मुलांची राज्यातल्या सरकारी कॉलेजची फी, मग ते कम्युनिटी कॉलेज असो की युनिव्हर्सिटी, शाळेत जितकी वर्षं काढली त्या हिशोबाने १०० टक्क्यांपर्यंत भरली जाते. टेनेसीत तर २००८ मध्ये नॉक्स काउंटीत खाजगी देणग्यांवर चाललेला छोटा कार्यक्रम इतका जमला की राज्याने २०१४ मध्ये कायदाच केला, आता तिथे बारावीनंतर कम्युनिटी कॉलेज फीशिवाय करता येतं. त्या कार्यक्रमात गावातलीच माणसं मेंटॉर म्हणून काम करतात, फॉर्मची तारीख आठवण करून देतात, मेसेज करतात, भीती वाटली तर ऐकून घेतात. पैसे नसतील तर वेळ द्या, तोही तितकाच लागतो, कारण ज्या घरात कुणी कॉलेज बघितलेलंच नाही तिथे फॉर्ममधल्या एका चौकटीवरून मूल मागे फिरतं.

आता आपल्या लोकांशी थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. आपल्यातले जे देतात ते नावाची स्कॉलरशिप देतात, आणि अटी घालतात, ग्रेड अमुक हवी, फुलटाइम हवा, इंजिनिअरिंगलाच हवा. हेतू चांगलाच असतो. पण जो मुलगा वेअरहाउसमध्ये रात्री काम करून दोन विषय घेतोय तो पहिल्याच अटीत बाद, आणि ज्याला मिळते त्याला बहुतेक वेळा आणखी तीन ठिकाणांहून मिळालेली असते. कधीकधी अटीत बसणारा कुणी सापडत नाही आणि पैसे पडून राहतात, हे मी इथे डोळ्याने बघितलंय. त्यापेक्षा असल्या अचानक अडचणींसाठी असलेल्या इमर्जन्सी फंडाला द्या आणि मोकळ्या हाताने द्या. कायमस्वरूपी फंड करायचा असेल तर हिशोब असा की मुद्दल गुंतवून ठेवतात आणि वर्षाला चार-पाच टक्केच खर्च करतात, म्हणजे २५,००० डॉलर ठेवले तर वर्षाला हजार-बाराशे डॉलर निघतील. तो फंड चांगलाच. पण दर महिन्याला २५ डॉलर इमर्जन्सीला दिलेत तर याच वर्षी कुणाचा तरी होल्ड निघेल. आयटीतल्या मंडळींना तर कंपनी मॅचिंग देते, तुम्ही शंभर द्या, कंपनी शंभर घालते, फक्त पोर्टलवर जाऊन कॉलेजचं फाउंडेशन शोधायचं आणि पावती चढवायची, पाच मिनिटांचं काम. किती जण करतात? दिवाळीच्या कार्यक्रमात मी पंधरा-वीस घरांना विचारलं, दोघांनी केलं होतं.

मला हे एवढं का लागतं ते सांगते. माझे वडील साताऱ्याला कर्मवीर अण्णांनी काढलेल्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' मधून शिकले, सकाळी शेतात काम, मग तास. अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांच्या पोटाला कमी पडायला लागलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, आणि गावोगावच्या बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, त्याला मुष्टिफंड म्हणायचे. आजी आमच्याकडे त्या धान्याची मडकी कुठे असायची ती जागा दाखवायची, जात्याच्या डाव्या हाताला. त्या मुठीतलं धान्य कुठल्या जातीच्या पोराच्या ताटात जाणार हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. आमच्या घरात पहिला पगार त्या मुठीतून आला, म्हणून मला वाटतं की मोठ्या रकमांच्या बातम्यांमध्ये ही मूठ हरवू नये.

आणि हे फक्त अमेरिकेपुरतं नाही. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात आज एसटीच्या पासासाठी, परीक्षेच्या फीसाठी, मेसच्या महिन्यासाठी अडलेली मुलं नाहीत का? पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातून आलेल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाचं बघतेय, लोकांच्या देणग्यांवर. तालुक्याच्या कितीतरी कॉलेजातही प्राध्यापक मंडळी आपसात पैसे काढून मुलांची फी भरतात, फक्त त्याची पावती नसते, खातं नसतं, त्यामुळे बाहेरच्याला मदत करायची म्हटलं तर करता येत नाही. ज्यांचा भारतीय पासपोर्ट आहे त्यांची देणगी परदेशी धरली जात नाही, पण माझ्यासारखं अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांना देता यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, छोट्या कॉलेजांना ते जमत नाही, तेव्हा भारतात राहणाऱ्या भावाबहिणींनी स्वतःच्या पैशाने त्यांच्या गावातलं बघावं आणि आम्ही इथलं बघू, असं मला तरी वाटतं.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. दरवर्षी जूनमध्ये तुम्ही प्रवेशाच्या बातम्या देता, कटऑफ देता, टॉपरचे फोटो देता. त्याच पानावर एक छोटी चौकट द्या, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या कॉलेजात गरजू मुलांसाठी निधी आहे, पैसे कुठे भरायचे, पावती मिळते का, एवढंच. आणि इथल्या मराठी मंडळांनी गणपतीच्या वर्गणीच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ वाढवावी, जवळच्या कम्युनिटी कॉलेजसाठी किती, रकाना रिकामा ठेवला तरी चालेल. आमच्या मंडळाच्या कमिटीपुढे मी हे ठेवलंय, मीटिंग पुढच्या रविवारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली एक वाचक,
न्यू जर्सी (मूळ कराड)