प्रार्थनाही करू, फिर्यादही देऊ

मा. संपादक,
स. न.

गुड फ्रायडेच्या उपासनेची आणि तिथल्या वैऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची बातमी आपण छापलीत. त्यावर एका वाचकाने लिहिलं की, वैऱ्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे अन्याय गिळून गप्प बसण्याची पळवाट आहे. मी भुसावळच्या ख्रिस्ती मंडळीतला. त्यांचा राग समजतो, निष्कर्ष पटत नाही.

‘जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा,’ असं येशूने सांगितलं, ते बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. छळ झालाच नाही असं समजा, असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची १० व ६ वर्षांची दोन मुलं गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम झाली. त्यांच्या क्षमेने कायद्याचे हात बांधले नाहीत.

आपल्याकडचंच सांगतो. रावेर-यावल पट्ट्यात रातोरात केळी कापून टाकल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाची ऐन निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग अशीच गेली. संशय बांधाशेजारच्या शेतकऱ्यावर. फिर्याद दिली, पंचनामा झाला. पंचाईत झाली ती पुढच्या प्रार्थना सभेत. त्या माणसासाठी मागायचं तरी काय? कोणीतरी सुरुवात केली, ‘प्रभू, त्याला सद्बुद्धी दे.’ माझ्या मते ही प्रार्थना नव्हेच, देवाकडे केलेली चुगली आहे. तो वाईट आणि आम्ही चांगले, एवढंच त्यातून वर कळवायचं असतं. मग त्या घरातल्या आजींनी सरळ मागितलं, ‘त्याच्या नातवाचा ताप उतरू दे, यंदा त्याच्या केळीला भाव मिळू दे.’ केळीला भाव! सभेत बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या चढल्या, माझ्याही. पण येशूला अभिप्रेत आहे ते हेच. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की देव नीतिमानांवर पाऊस पाडतो तसा अनीतिमानांवरही पाडतो. शेतकऱ्याला याहून कडू वचन कुठलं असणार?

बायबलमध्ये संतापाची प्रार्थनाही आहे. १०९ वं स्तोत्र काढून बघा. वैऱ्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, असं त्यात चक्क मागितलंय. बाग कापली गेली त्या रात्री कोणी हे स्तोत्र म्हटलं, तर मी त्याला अडवणार नाही. देवापुढे ओकलेला राग निदान कोयता घेऊन बांधावर तरी जात नाही. मात्र तिथेच मुक्काम ठोकता येत नाही.

एका बाबतीत आमच्यातही एकमत नाही. सभेत नाव घेऊन प्रार्थना करावी का? पाळक साहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतात, घ्यावं. माझा विरोध आहे. गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, आणि सभेत उच्चारलेलं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होतं. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचीच बदनामी व्हायची. नाव घ्यायचं असेल तर घरी, दार लावून घ्यावं. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रार्थना तशीच करायला सांगितली आहे.

– एक वाचक, भुसावळ